पानावर आडवा हात

जोतीराम सावर्डेकरांच्या डाव्या पायाचा अंगठा साखरेचा झाला, तेव्हा त्यांना आधी अभिमानच वाटला.

सकाळी पलंगाच्या कडेला बसून चपला शोधताना ते त्यांच्या लक्षात आलं. अंगठा नखासकट पांढरा होता, उन्हात चमकत होता, आणि खालून मुंग्यांची एक ओळ अतिशय शिस्तीत त्याच्याकडे येत होती. दुसरा कोणी घाबरला असता. जोतीरामांनी नखाने चार दाणे सुटे केले, तळहातावर घेतले आणि खिडकीपाशी नेऊन डोळे बारीक करून बघितले. साखर कारखान्याच्या गोदामाची किल्ली आयुष्यभर त्यांच्या कमरेला होती; पोत्यात बोट घालून ते दाण्याची जात सांगत. हा दाणा मोठा होता, कोरडा होता, रंगाला फटफटीत होता.

"एम-तीस," ते म्हणाले. "कारखान्यात बी आता असला निघत न्हाई."

त्यांची बायको शालन गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने अंगठ्याकडे बघितलं, मग मुंग्यांकडे बघितलं.

"गोळी घ्या," ती म्हणाली.

जोतीरामांना शुगर निघून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी ती कधी मनाला लावून घेतली नव्हती. गोळीबाबत त्यांचे स्वतःचे नियम होते. रोजची गोळी गालात धरायची, शालनशी दोन शब्द बोलायचे आणि अंगणात जाऊन कण्हेरीच्या मुळाशी थुंकायची. रक्त तपासायचं असलं की आधी दोन-तीन दिवस मात्र इमानेइतबारे गिळायची, म्हणजे डॉक्टरला बरं वाटतं. लग्नाचं जेवण असलं की दोन गिळायच्या, म्हणजे जिलेबीला वाट मोकळी. साखर तर त्यांनी सोडलीच होती. चहात गूळ घालत, चपातीबरोबर वाटीभर काकवी घेत, आणि गूळ कसा औषधी असतो हे येईल त्याला ऐकवत.

गोळ्यांचा गुण आला तो कण्हेरीला. ती सडपातळ झाली, तिच्या फुलांतला मध आटला आणि मधमाश्या यायच्या बंद झाल्या. कधी कधी दुपारी तिला घाम फुटे, पानं थरथरत, आणि ती भिंतीला टेकून खाली बसे. मग शालन तिला साखरपाणी घाली. घरात शुगर आटोक्यात असलेली ती एकटीच होती.

आता असा हा माणूस गावाला एवढा कशासाठी लागत होता, तेही सांगायला हवं. गावात लग्न निघालं की आचारी ठरायच्या आधी जोतीराम ठरत. जिलेबीची परात घेऊन पंगतीतून फिरायचं आणि कोणाचंही 'नको' ऐकून घ्यायचं नाही, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पाहुण्याने 'बास, बास' म्हणत पानावर हात आडवा धरला की हे त्या हातावरच जिलेबी ठेवत. पाक बोटांच्या फटींतून पानात उतरे. पाहुणा हसे, पंगत हसे, जोतीराम 'एकानं काय हुतंय?' म्हणत पुढच्या पानाकडे सरकत. पंगतीत बास म्हणणाऱ्याला अजून हवंच असतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि नव्या वाढप्यांना ते हेच शिकवत. त्यांच्या डोक्यात मत असं हे एकच होतं. तेवढ्यावर त्यांनी जन्म काढला आणि लोकांनी त्यांना मोठं मानलं, यावरून लोकांचीही कल्पना यावी.

एक माणूस मात्र त्यांना दाद देत नसे. शेजारचे नेमगोंडा चौगुले. कारखान्यात ते त्यांच्याच बरोबर लागले, शुगरही त्यांच्याच सुमाराला निघाली. पण हा माणूस सकाळी चालायला जाई, जेवायला बसला की चारचौघांत खिशातून डबी काढून गोळी गिळे, आणि पानावर एकदा हात आडवा धरला की उचलत नसे. हातावर ठेवलेली जिलेबी शेजारच्याच्या पानात सरकवून हात पुन्हा तिथेच. जोतीरामांना त्याचा मनापासून तिटकारा होता.

"भित्रट हाय त्यो," ते म्हणत. "गोळी गिळली म्हंजे आजारापुढं गुडघं टेकलं."

अंगठ्याची गोष्ट घरात कळली त्याच आठवड्यात तेजूच्या लग्नाची तारीख निघाली. तेजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती अंगठ्यापाशी जमिनीवर बसली, मुंग्या फुंकरीने बाजूला केल्या आणि म्हणाली, "आबा, माझ्या लग्नात तुम्ही तुमच्या पायांवर उभे राहायला पाहिजे. मला बाकी काही नको."

"उभा? अगं, परात घेऊन फिरणार हाय मी. तुझ्या सासरच्यांनी आजवर आग्रह बघितला नसंल असा."

"उभे राहा म्हणजे झालं," तेजू म्हणाली. आणि तिने त्यांना डॉक्टर मुजावर बाईंकडे नेलं. शालनही बरोबर गेली.

जाण्याआधी जोतीरामांनी नियमाप्रमाणे गोळ्या गिळल्या होत्या. उपाशीपोटीची शुगर नीट आली. त्यांनी विजयी मुद्रेने शालनकडे बघितलं. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तीन महिन्यांची बघू," आणि दंडातून थोडं रक्त काढून त्यांनी काचेची नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी केली. रक्त थोडा वेळ गप्प राहिलं. मग जोतीरामांच्याच आवाजात, वाढताना लागतो तसा मोठा सूर लावून बोलायला लागलं.

"बासुंदी, पाटलांच्या बारशाला, वाटी भरून. वर अजून एक, आग्रहाची. पुरणपोळी, गुळाची हाय, चालती. काकवी. जिलेबी. जिलेबी. घ्या की, एकानं काय हुतंय. जिलेबी."

बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून दाराशी आले. तेजू खिडकीबाहेर बघत राहिली. रक्त तीन महिने मागे जाईपर्यंत थांबलं नाही, आणि शेवटी गणपतीतल्या मोदकांपाशी येऊन दमल्यासारखं गप्प झालं.

"ह्या नळीत काय तरी गडबड हाय," जोतीराम म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांचा पाय हातात घेतला. अंगठ्याशेजारचं बोटही आता पांढरं पडलं होतं. त्यांनी टाचणीने टोचून बघितलं. जोतीरामांना काही कळलं नाही. टोचल्या जागेवरून दोन दाणे गळून फरशीवर पडले.

"जे झालंय ते परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या रोज घेतल्या तर पुढचं थांबेल. रोज म्हणजे रोज, लग्न असो की मयत. गूळही साखरच आहे. पाय पाण्यात घालायचा नाही, आणि पाय रोज बघायचा."

"पंगतीत फिरता येईल न्हवं?"

"गोळी पोटात गेली तर फिराल."

"म्हंजे जातीच की पोटात," जोतीराम दुखावल्या आवाजात म्हणाले. शालनने आदल्याच आठवड्यात कण्हेरीला उचलून बसवलं होतं.

त्या दिवसापासून तेजू स्वतः गोळी देऊ लागली. ती समोर उभी राही, जोतीराम गोळी तोंडात टाकत, पाणी पीत, आ करून दाखवत. गालाच्या आत, दाढेच्या मागे, इतक्या वर्षांत त्यांनी एक कोपरा तयार केला होता. तिथे बोट घातल्याशिवाय कोणाला काही सापडलं नसतं, आणि बापाच्या तोंडात बोट घालणारी मुलगी अजून आपल्याकडे जन्मली नाही. पहिले काही दिवस त्यांनी गोळी गिळलीही असेल, बोटं दोनावरच थांबली होती. पण मग आक्काताई आल्या आणि सगळं बदललं.

आक्काताई जोतीरामांच्या थोरल्या बहीण. शुगरवर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि मेथीचे दाणे असे उपाय त्या दर खेपेला बदलून सांगत आणि सांगता सांगता लाडू खात. त्या दिवशी शालनने चहा टाकला तर डबा रिकामा. गूळही संपला होता. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा म्हणजे जोतीरामांच्या घराण्यात मेल्याहून मेल्यासारखं. त्यांनी चमचा मागवला, पाय मांडीवर घेतला, अंगठ्याची कड खरवडली आणि तो चमचा बहिणीच्या कपात ढवळला.

आक्काताईंनी घोट घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले.

"जोती! काय गोडी रं ही! घरचीच?"

"घरचीच," जोतीराम म्हणाले, आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा त्यांची छाती फुगली.

आक्काताईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्या दिवसापासून लोक वाट्या घेऊन यायला लागले. कोणाच्या घरी सत्यनारायण होता, शिऱ्याला हवी होती. कोणाचा नातू दुसऱ्या साखरेचं दूध पीत नव्हता. सोसायटीचे माजी चेअरमन गाडीतून आले आणि त्यांनी पायाला हात लावून नमस्कार केला. जाताना मुठीत काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. प्रत्येक जण आत येताना जोतीरामांची तब्येत विचारी, 'गोळ्या घेताय न्हवं वेळच्या वेळी?' असं बजावी, आणि मग वाटी पुढे करून म्हणे, "एकच चमचा. एका चमच्यानं काय हुतंय?"

जोतीराम कोणालाही नको म्हणत नव्हते. उलट, चमचा मागणाऱ्याला ते दोन देत. आयुष्यात दुसऱ्यांची जिलेबी वाढून मिळवलेला मान आता स्वतःच्या अंगचा झाला होता, आणि त्या मानापुढे एक पाय म्हणजे काहीच नव्हे असं त्यांना वाटू लागलं. फक्त साठा पुरला पाहिजे. गोदाम सांभाळलेल्या माणसाला तेवढं कळत होतं. त्यांनी गोळीसाठी दाढेमागचा कोपरा पुन्हा उघडला, येणाऱ्यांनी आणलेले पेढे पुन्हा खायला सुरुवात केली, आणि पाय खालून खरवडला जाई तसतसा वरून भरत गेला. घोटा पांढरा झाला, पोटरी पांढरी झाली, आणि एके सकाळी उजवा पायही डाव्याच्या मार्गाला लागला. त्यांनी दोन्ही पायांचे दाणे शेजारी शेजारी ठेवून बघितले. एकच प्रत होती.

मुंग्या मात्र ऐकेनात. सुरुवातीला एक ओळ होती, ती आता दाराखालून, खिडकीतून, दिव्याच्या बटणाच्या फटीतून येऊ लागली. शालनने पलंगाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाडग्यांत ठेवले, मुंग्या चढू नयेत म्हणून आपण दुधाचं पातेलं पाण्यात ठेवतो तसे. आता मुंग्या वर चढू शकत नव्हत्या आणि जोतीराम खाली उतरू शकत नव्हते; गोळी ते आता पलंगाशेजारच्या खिडकीतूनच कण्हेरीकडे थुंकत. मुंग्या पाण्याच्या काठाशी येऊन थांबत. रोज त्या थोड्या जास्त असत, त्यामुळे रोज एक वाडगा वाढवावा लागे, आणि होता होता सगळ्या खोलीत पाणीच पाणी झालं. लोक दारातूनच वाट्या लांब करत. जोतीराम पलंगावर बसून त्यांत चमचे टाकत. त्यांना हे दरबार भरल्यासारखं वाटे.

नेमगोंडा एकदाच आले. पायजमा वर खोचून, वाडग्यांमधून वाट काढत ते पलंगापर्यंत गेले.

"जोती," ते म्हणाले, "गोळी घे. मी घेतो. माझं बघ, चालतोय."

"चालतोयस, आणि जगतोयस कुठं? कवा जिलेबी खाल्लीस ते आठवतंय तरी काय?"

"आठवतंय. दिवाळीला अर्धी खाल्ली. चांगली होती."

"अर्धी!" जोतीरामांना हसू आवरेना. मग त्यांनी शालनला चहा आणायला सांगितलं आणि कप आला तसा गुडघ्यावर चमचा टेकवला. नेमगोंडांनी कपावर हात आडवा धरला.

"माझ्या घरची नको म्हणतोस?"

"तुझ्या पायाची नको म्हणतोय," नेमगोंडा म्हणाले. "लग्नाला येतो. तिथं बी हात आडवाच धरीन." आणि बिनसाखरेचा चहा शांतपणे संपवून ते आले तसे गेले. जोतीरामांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी रागाच्या भरात पेढ्यांचं आख्खं खोकं संपवलं आणि संध्याकाळपर्यंत साखर मांडीला पोचली.

लग्नाच्या आदल्या दिवशी कण्हेर पडली. या वेळी ती भिंतीला टेकली नाही, सरळ आडवी झाली, आणि शालनने किती साखरपाणी घातलं तरी उठली नाही. तेजूने तिच्या मुळाशी माती उकरली. आत भिजून फुगलेल्या गोळ्या होत्या, कितीतरी, काही नुसतीच पांढरी भुकटी झालेल्या. ती मातीचे हात घेऊन दारात आली आणि पाण्यापलीकडे उभी राहिली.

"आबा, कण्हेरीला गोळ्या कोण देत होतं?"

"झाडं हल्ली नाजूक झाल्यात," जोतीराम म्हणाले.

तेजूला रडायचं होतं आणि रागही आला होता. तिने हातावरची माती उंबऱ्यावर झटकली. "मी एकच मागितलं होतं," ती म्हणाली.

"उद्या बघ की तू," जोतीराम म्हणाले. त्यांनी खरोखरच ठरवलं होतं, उद्यापासून गोळ्या सुरू करायच्या. उद्या म्हणजे लग्न झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीसकट उचलून मंगल कार्यालयात नेलं. कमरेपर्यंत साखर झाली होती. त्यावरून धोतर नीट नेसवलं होतं आणि पाऊस नाही म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या दोन मेव्हण्यांनी त्यांना काखेत धरून उभं केलं. बायका म्हणाल्या, उभे राहिले बघा बापुडे. तेजूने मुंडावळ्यांआडून बघितलं. तिला मेव्हण्यांचे हात दिसले आणि तिने मान खाली घातली. शालन मागे उभी होती. तिच्या कमरेला बटवा होता, बटव्यात गोळ्यांची पट्टी होती, आणि मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांमध्ये तिने एकदा हळूच विचारलंही, "आता तरी घेताय काय?" जोतीरामांनी तोंडावर हात आडवा धरला. हा हात त्यांनी जन्मात कधी जिलेबीवर धरला नव्हता.

मग पंगत बसली. नवऱ्याकडची माणसं सांगितल्यापेक्षा पुष्कळ जास्त आली होती, आणि ती खाणारी होती. मसालेभात फिरला, मठ्ठा फिरला, आणि जिलेबीची परात अर्ध्या पंगतीतच रिकामी वाजली. आचारी पदराआड तोंड लपवणाऱ्या सुनेसारखा खांबामागे जाऊन उभा राहिला. मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या पानात गोड नाही! पंगत थांबली. घास हातात धरून सगळ्यांनी मान वर केली, आणि सगळे खुर्चीकडे बघायला लागले.

"अरे, असं तोंड काय करताय?" जोतीराम म्हणाले. "मी हाय की!"

त्यांचा आवाज इतका मोकळा आणि खुशीचा होता की कोणाला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. चार वाढप्यांनी मोठी परात आणली आणि त्यांना तीत बसवलं. हे चौघे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी दोन्ही बाजूंनी परात उचलली आणि पहिल्या पानापाशी नेली. जोतीरामांनी स्वतः ओळ ठरवली, आधी व्याही, मग नवऱ्याचे मामा, मग करवल्या. डावाच्या कडेने मांडीचा तुकडा निघाला तेव्हा ते म्हणाले, "मोठा घाल रे, मोठा घाल, पाव्हणं हायेत." व्याह्यांनी तो तोंडात टाकला. "सावर्डेकर, असला गोडवा आजवर खाल्ला नव्हता," ते म्हणाले. आणि जोतीरामांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. शालनने ते पदराने पटकन टिपलं, गालावरून खाली मांडीवर ओघळलं असतं तर तिथे खड्डा पडला असता. तिने ते टिपलं आणि दुसऱ्या हातात गोळी तशीच धरून ती परातीमागून चालत राहिली.

पानं भराभर होत होती. लोक एकमेकांना आग्रह करत होते. आक्काताईंनी दोनदा घेतलं. चेअरमननी घेतलं आणि थोडं रुमालात बांधलं. सगळे जण खाता खाता म्हणत होते की माणसाने तब्येतीची काळजी घ्यायला हवी, शुगर वाईट, आणि जोतीरामसारखा माणूस होणे नाही. होणे नाही असं ते परातीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत होते.

नेमगोंडांच्या पानापाशी परात थांबली. नेमगोंडांची गोळी गिळून झाली होती. त्यांनी हात आडवा धरला.

"घे की नेम्या," जोतीराम परातीतून म्हणाले. आता ते पोटापर्यंत उतरले होते, आणि साखर डावाच्या पुढे पुढे वर सरकत होती, छातीत आणि हातांत. "एकानं काय हुतंय?"

नेमगोंडा त्यांच्याकडे बघत राहिले, आणि हात तसाच राहिला. वाढप्यांनी जोतीरामांच्या चेहऱ्याकडे बघून परात पुढे नेली. जोतीराम मान वळवून वळवून त्या हाताकडे बघत होते. त्यांना तो अपमान वाटत होता. त्यापलीकडे त्यांना अजून काहीच वाटत नव्हतं.

पंगतीच्या टोकाला नवरा-नवरी बसली होती. तेजूसमोरचं पान कोरं होतं. परात जवळ आली तशी तिने पानावर दोन्ही हात आडवे धरले, हिरव्या बांगड्यांचे, मेंदीचे.

"घे गं तेजू. एवढ्या लोकांनी खाल्लं, लेकीच्या तोंडात एक तुकडा नको?"

"आबा," तेजू म्हणाली, "आता बास म्हणा."

"अगं, तुझंच लग्न, तूच..."

"आबा, बास म्हणा. खाली बघा आणि बास म्हणा."

तिच्या आवाजात असं काही होतं की जोतीरामांनी खाली बघितलं. या सगळ्या काळात त्यांनी दाणे बघितले होते, पाय एकदाही नाही, डॉक्टरबाईंनी रोज बघायला सांगूनही. परातीत धोतर होतं, रिकामं, घडी मोडलेलं. त्यावर त्यांची छाती टेकली होती. छातीच्या वरच्या बाजूला त्यांचं कातडं अजून कातडंच होतं, आणि त्या कातड्याच्या काठाशी डावाची धार येऊन थांबली होती. तिथे त्यांना थंड लागलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं.

"बास," जोतीराम म्हणाले.

डाव आत शिरला.

"अरे, बास म्हणतोय मी. बास! शालन, गोळी दे. गोळी दे गं, खरंच घेतो."

चौघे वाढपी हसले. पंगतही हसली, नेहमी कोणी बास म्हणालं की हसे तशीच. "आबा," त्यांतला पुढचा म्हणाला, "बास म्हणणाऱ्याला अजून हवंच असतंय. तुमीच शिकवलंय की आमाला."

शालन गर्दीतून पुढे येत होती. तिचा हात परातीच्या काठावरून आत आला, तळहातावर गोळी होती. जोतीरामांनी ती घ्यायला, आणि त्याआधी स्वतःवर आडवा धरायला, उजवा हात उचलला. सदऱ्याची बाही वर आली आणि मधूनच लटकली. हात पलीकडे नवऱ्याच्या मामांच्या पानात होता, पाची बोटं सरळ, पानावर आडवा. मामा त्याच्याकडे बघत मठ्ठ्याचा घोट घेत होते. वाढप्याने पुढचा तुकडा उचलला आणि, आबांनी शिकवलं होतं तसा, त्या आडव्या हातावरच ठेवला.